गाव लिहायचं तर आधी वारं कुठून येतं ते बघा

ताई,

तुमचं पत्र आणि सोबतची सहा पानं दोनदा वाचली. तुम्ही छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्यातल्या, नोकरी नवी मुंबईत ऐरोलीला, गाव सोडून 11 वर्षं झाली. घरची शेती कापसाची आणि अद्रकाची. कादंबरीची शंभरेक पानं झाली आणि आता हात पुढं जात नाही. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. इतकी वर्षं लांब राहिल्यावर गावावर लिहायचा अधिकार आपल्याला उरतो का? बोली किती वापरावी? आणि नोकरी सोडून वर्ष-दोन वर्षं गावी राहून यावं का? चौथी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण आई काय म्हणाली ते पत्राच्या शेवटी लिहिलंय: "घरातलं चव्हाट्यावर मांडू नको." मला वाटतं, हात अडलाय तो तिथंच. त्याच्याकडं येतोच.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. माझं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. वडील मुंबईत मस्जिद बंदरला माथाडी होते, गोण्या वाहायचे. दहावी होऊन 1979 साली मी त्यांच्याकडं आलो. कांदा-बटाट्याचा बाजार 1981 मध्ये तुर्भ्याला हलला आणि काही वर्षांनी त्याच्या मागोमाग आम्हीही खाडी ओलांडून कोपरखैरण्यात राहायला आलो. त्याच बाजारात एका आडत्याच्या गाळ्यावर मी 35 वर्षं दिवाणजीचं काम केलं. दिवसा शेतमालाच्या हिशेबाच्या पट्ट्या लिहिल्या, रात्री कादंबऱ्या. चार झाल्या आणि चारही गावाच्या. गावात राहिलो 17 वर्षं, गावाबाहेर 40च्या वर. त्यामुळे तुमचा पहिला प्रश्न मी स्वतःला बराच काळ विचारलेला आहे.

त्याचं माझं उत्तर असं: गावाची आठवण लिहायला बसू नका, गावातलं काम लिहायला बसा. आठवण पिकत जाते, गोड होत जाते आणि शेवटी सगळ्यांची सारखीच होते. तुमच्या सहा पानांत मातीचा वास तीन वेळा आलाय. पहिल्या पावसात माती वास देते हे खरंच आहे, पण तो वास दादरच्या बागेतही येतो. कापूस वेचताना ओटी कशी बांधतात, ती भरत आली की कमरेला कुठं रग लागते, वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला कुठं टोचतात, हे दादरला येत नाही. ते तुमच्याकडं आहे आणि तुम्ही ते लिहिलेलं नाही.

हे मी शिकलो ते आईकडून. पहिल्या कादंबरीत सुगीचं एक प्रकरण होतं. खळ्यावर एक बाई वावडीवर उभी राहून भात उफणतेय, सूर्य डोंगराआड चाललाय आणि उडालेला भुसा तिच्या केसांवर, पापण्यांवर सोन्यासारखा बसतोय. त्या एका वाक्यावर मी आठवडा घालवला होता. आईला अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसायची तेव्हा मी तिला पानं वाचून दाखवायचो. हे पान संपलं. निवडता निवडताच ती म्हणाली, "ह्या बाईनं कधी उफाणलेलं न्हाई."

मी विचारलं, कशावरनं?

"तोंडावर भुसा येतोय म्हंजे वाऱ्याला तोंड करून हुबी हाय. वारं पाठीला न्हाईतर बगलंला घ्यायचं आसतं. आन् दिस मावळताना वारं पडतं. त्या वक्ताला कोण उफाणतंय? दुपारचं वारं सुटलं की सूप धरायचं, पडलं की खाली ठिवायचं. न्हाईच सुटलं तर बसून ऱ्हायचं."

माझं सोन्याचं वाक्य गेलं. पण तिच्या शेवटच्या दोन शब्दांनी ते प्रकरणच बदललं. बसून राहायचं. खळ्यावर रास पडलीय, आभाळ भरून आलंय, पाऊस आला तर भात भिजणार आणि तीन बायका वाऱ्याची वाट बघत बसल्यात. वाट बघताना माणसं बोलतात. सुनेनं सासूला आजवर न विचारलेलं तिथं विचारलं. मधेच झुळूक आली की दोघी उठायच्या, बोलणं तुटायचं. वारं पडलं की पुन्हा जोडायचं. संवाद कुठं तोडायचा आणि कुठं जोडायचा हे मला ठरवावंच लागलं नाही, ते वाऱ्यानं ठरवलं. कामाला स्वतःचा क्रम असतो, स्वतःचा वेळ असतो, आणि कुणी काय करायचं याची वाटणी असते. त्या वाटणीत गावातली जात, नातं, मानपान सगळं आलेलं असतं. तुम्ही काम नीट लिहिलंत तर गावाच्या रचनेवर वेगळा परिच्छेद लिहायची गरज राहत नाही.

आठवणीवर किती विसंबायचं याचा दुसरा अनुभवही सांगतो, कारण तो मला फार लागला होता. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. तो मला लख्ख आठवत होता. कोवळं ऊन, अंगणात पळणाऱ्या कोंबड्या, चुलत भावंडांची दाटी, आजी पदर खोचून उभी. तसंच मी दुसऱ्या कादंबरीत लिहिलं आणि गावी जाऊन चुलत्यांना वाचून दाखवलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "कुठलं ऊन? पहाटंचा अंधार. तू झोपला व्हतास. गोधडीसकट उचलून तुला भाईर आणलं." आणि ते बरोबर होते. भूकंप पहाटे साडेचाराच्या आत झाला होता, हे कुठल्याही नोंदीत सापडतं. मला आठवत होतं ते नंतरच्या दिवसांचं. घरं पडली होती, धक्के थांबत नव्हते, म्हणून गाव शेतात खोपी घालून राहिलं. सगळी पोरं दिवसभर उन्हात एकत्र. मोठ्यांवर आभाळ कोसळलं होतं आणि आमच्यासाठी तो सण होता. तो सण माझ्या डोक्यानं भूकंपाला नेऊन चिकटवला.

तेव्हापासून मी एक केलं. आठवणीतलं पान लिहून झालं की समासात लिहायचं: हे कोण खोडून काढू शकेल? आणि त्या माणसाकडं जायचं. तुमच्या शंभर पानांना ही एक फेरी द्या. आई आहे, गावात चुलत्या-मावश्या असतील, वेचणीला येणाऱ्या बायका असतील. त्यांच्याकडं "तुमच्या आठवणी सांगा" म्हणून जाऊ नका. तसं विचारलं की माणूस भाषण देतो. आपलं लिहिलेलं चुकीचं पान घेऊन जा. चूक दिसली की गावातलं माणूस गप्प बसूच शकत नाही.

आता लांब राहण्याबद्दल. आमच्या कोपरखैरणे गावठाणात एक आगरी आजी आहेत, नव्वदीला टेकलेल्या. त्यांचं माहेर घणसोली, सासर इथलं. सगळं आयुष्य या दोन गावांत गेलं. 1970 साली सिडको आली, ठाणे आणि रायगड मिळून 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. पुढं 1984 साली जासईला त्याविरुद्ध लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं गेली आणि त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळायचा हक्क मिळाला. हे सगळं त्यांनी घराच्या ओटीवरून पाहिलं. एकदा त्यांच्याबरोबर बाजूच्या सेक्टरातून चालत येत होतो. रिक्षा स्टँडजवळ त्या थांबल्या आणि काठीनं गटाराच्या झाकणाकडं दाखवत म्हणाल्या, "इथं उघारी होती." बरोबर त्यांचा पणतू होता, आठवीतला. त्याला तो शब्द माहीत नव्हता. आजीनं समजावलं: खाडीच्या बाजूनं बांध घातलेला, भरतीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून. त्या बांधाला दार, ते म्हणजे उघाडी. ओहोटी लागली की ते उघडायचं, शेतातलं पाणी खाडीत सोडायचं, भरतीच्या आधी बंद करायचं. रात्री-अपरात्रीही उठून जावं लागायचं, कारण भरती-ओहोटीची वेळ रोज पुढं सरकते. कोणत्या तिथीला कधी जायचं हे घरातल्या बाईला तोंडपाठ.

मी तिथंच उभा राहून ऐकत होतो. या बाईंनी गाव एक दिवसही सोडलेलं नाही आणि तरी त्यांचं गाव आता कुठंही बघायला मिळत नाही. ते शिल्लक आहे ते त्या दाराच्या वेळापत्रकात. तुम्ही निदान दिवाळीला घरी गेलात तर शेत जागेवर असतं. म्हणून 11 वर्षांचा हिशेब मनातून काढून टाका. जवळ राहणारा गाव ओळखतोच आणि लांबचा विसरतोच असं काही नसतं. काय माहीत आहे आणि किती बारकाईनं माहीत आहे, एवढंच पानावर टिकतं.

शिवाय गाव गावातच असतं, हे तरी कुणी सांगितलं? माझ्या वडिलांच्या वेळी मस्जिद बंदरला गावकीची खोली होती. एका खोलीत अठरा माणसं, पाळीपाळीनं झोपायची. देवळाच्या पत्र्याची वर्गणी त्या खोलीत ठरायची, लग्नं त्या खोलीत जमायची, कुणाचा बांध कुणी कोरला याचा निवाडा तिथं व्हायचा आणि मग तो गावाला पत्रानं कळायचा. 1969 साली माथाडींचा कायदा झाला तेव्हा गावाकडं पहिल्यांदा दरमहा नेमानं मनिऑर्डर यायला लागली, असं आई सांगायची. त्या पैशानं गावात काय काय बदललं, कुणाची सावकारी बंद झाली, कुणाच्या मुली शाळेत गेल्या, ही माझी तिसरी कादंबरी. ती लिहायला मला गावी जावं लागलं नाही, गाव माझ्या आजूबाजूला पाठीवर गोणी घेऊन चालत होतं.

आणि बाजारातली पट्टी. तुमच्या वडिलांना विचारा, पट्टी म्हणजे काय ते लगेच सांगतील. मालाच्या गोण्या, वजन, भाव, एकूण रक्कम. खाली वजावट: अडत म्हणजे आडत्याची दलाली, मग हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडं. सगळ्यात खाली बाकी. मी हजारो लिहिल्या. एका वर्षी कांदा इतका पडला की एका शेतकऱ्याची बाकी वजा 212 रुपये आली. माल विकून तोच आमचं देणं लागत होता. तो समोर उभा होता. साठीचा, धोतर, टोपी. मी पट्टी पुढं केली. त्यानं ती बराच वेळ बघितली, आकड्यांवरून बोट फिरवलं, चार घड्या घातल्या आणि टोपीच्या आतल्या पट्टीत खोचून टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग परतीच्या भाड्यासाठी शंभर रुपये मागितले. शेठ "दे" म्हणाले. ते शंभर मी माझ्या हातानं त्याच्या नावावर उसने लिहिले. बाकी वजा 312.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पण मी लगेच लिहिलंही नाही, आणि हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचंय. लगेच लिहिलं असतं तर मी माझा कढ लिहिला असता, व्यवस्थेवर चिडलो असतो, त्या माणसाच्या तोंडी एखादं जळजळीत वाक्य घातलं असतं. तो काहीच बोलला नव्हता. सहा-सात वर्षांनी लिहिलं तेव्हा फक्त बोट, घड्या, टोपी आणि 312 एवढंच ठेवलं. लोक त्या पानावर अजून बोलतात.

त्या प्रसंगातून दुसरी एक शिकवण मिळाली, ती काळाची. कादंबरीत मी साल कुठंच लिहिलं नव्हतं. काही वर्षांनी एका तरुण वाचकानं विचारलं, पट्टीत शेतकऱ्याकडून अडत कशी कापलीत? तो बरोबर विचारत होता. 2016 च्या जुलैत फळं-भाजीपाला आणि कांदा-बटाट्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. माझा प्रसंग त्याच्या कितीतरी आधीचा, पण वाचकाला ते कळायला जागा नव्हती. तुमच्या कापसात तर हे फार महत्त्वाचं आहे. राज्यात एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारनंच घ्यायची पद्धत, 1972 मध्ये सुरू झाली. तुमच्या आजोबांनी कापूस सरकारी केंद्रावर नेला असेल, बैलगाड्यांच्या रांगेत रात्र काढली असेल. वडील तो खाजगी व्यापाऱ्याच्या काट्यावर घालत असतील. बीटी बियाणं 2002 मध्ये आलं. त्याच्या आधीची फवारणी वेगळी, नंतरची वेगळी. मग 2017 ला गुलाबी बोंडअळीनं शेतंच्या शेतं गेली. तुमची नायिका दहा वर्षांची असताना घरात कोणतं बियाणं होतं, पाकीट होतं की घरची सरकी, हे तुम्हाला ठाम माहीत हवं. पुस्तकात ते एका ओळीतही येणार नाही कदाचित. पण तुम्हाला माहीत असलं की बाकीची वाक्यं सरळ उभी राहतात.

बोलीबद्दल. तुमच्या पानांत आजी एका ठिकाणी म्हणते, "आसं हाय नव्हं?" ताई, 'नव्हं' हे माझ्या आजीचं बोलणं. कोल्हापूर-साताऱ्याकडचं. सिनेमा-नाटकांनी गेली कित्येक वर्षं तीच बोली सगळ्या महाराष्ट्राच्या गावांना वाटून दिली आणि आपण खेड्यातलं माणूस लिहायला घेतलं की ती आपोआप हातातून उतरते. तुमच्या पत्रात तुम्ही सहज 'अद्रक' लिहिलंत. माझ्याकडं आम्ही 'आलं' म्हणतो. भाताच्या रोपांना मी 'तरवा' म्हणतो, इथले आगरी त्यालाच वेगळं नाव देतात. पत्र लिहिताना तुमची भाषा तुमची होती. कादंबरी लिहिताना ती दुसऱ्याची झाली. म्हणून पात्राच्या तोंडचं प्रत्येक वाक्य मोठ्यानं म्हणा आणि स्वतःला विचारा: हे मी कुणाच्या तोंडून ऐकलंय? माणूस आठवलं तर ठेवा. नट आठवला तर काढा.

बोली किती, याचं माप माझ्याकडं नाही. माझं निवेदन प्रमाण मराठीत असतं, पण वस्तूंची आणि कामाची नावं गावचीच. तळटीप मी देत नाही. पहिल्या पुस्तकाच्या वेळी प्रकाशकानं मागितल्या होत्या, शेवटी शब्दसूची द्या म्हणाले. मी त्याऐवजी दोन रात्री बसून प्रत्येक शब्द वाक्यातूनच कळेल असा फिरवला. 'बायका तरवा उपटून चिखलात लावायला उतरल्या' असं म्हटलं की कुणालाही कळतं. 'हिरवागार तरवा डोलत होता' म्हटलं की टीप लागते. शब्दाला काम दिलं की तो स्वतःचा अर्थ सांगतो.

शब्द विसरले असतील तर मोल्सवर्थचा कोश जवळ ठेवा. 1831 चा, आणि 1857 ची वाढवलेली आवृत्ती. दीडशे वर्षांहून जुना आहे, पण शेती, अवजारं, जनावरं यांचे शब्द त्यात इतके आहेत की मी नुसता वाचत बसायचो. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात माझी ही सवय लागली. 1893 पासूनची संस्था ती. ठाणे-वाशी लोकल तेव्हा नव्हती, ती 2004 ला आली. रविवारी बसनं जायचो, दिवसभर बसायचो. तुम्ही ऐरोलीहून लोकलनं थोड्या वेळात पोचाल. मात्र कोश फक्त आठवण करून देण्यापुरता. कधी ऐकलेला नाही असा शब्द तिथून उचलून पात्राच्या तोंडी घालू नका, लगेच उघडा पडतो.

नोकरीचं थोडक्यात सांगतो, कारण इथं मला शंका नाही. सोडू नका. व्यंकटेश माडगूळकरांनी पुणे आकाशवाणीत ग्रामीण कार्यक्रमांची नोकरी केली, आनंद यादव पुण्यात विद्यापीठात शिकवत होते. आपल्याकडच्या ग्रामीण साहित्याचा मोठा भाग शहरात पगारावर राहून लिहिला गेला आहे. माझ्या पहिल्या कादंबरीच्या हजार प्रती संपायला सहा वर्षं लागली. आज कादंबरीची किंमत 300 रुपये धरा, मानधन दहा टक्के धरा. हजार प्रतींचे 30,000 होतात, सहा वर्षांत वाटले तर वर्षाला पाच हजार. पहिली आवृत्ती आता बहुतेक पाचशेचीच निघते. घरभाडं थकलेलं असताना माणूस नीट वाक्य लिहू शकत नाही, घाई होते, आणि घाईत कढच लिहिला जातो. गावी जायचं तर कामाच्या दिवसांत जा. दिवाळीला, जत्रेला गाव पाहुण्यासाठी सजलेलं असतं. वेचणीच्या ऐन भरात आठ दिवस रजा काढा आणि ओटी बांधून शेतात उतरा. वर्षभर ओसरीवर बसण्यापेक्षा ते आठ दिवस जास्त देतील. दिवाळी अंकासाठी एखादं प्रकरण कथा म्हणून पाठवायचं असेल तर पावसाळा लागतानाच तयार ठेवा, संपादकांचे अंक फार लवकर भरतात.

आता तुमची आई.

माझ्या पहिल्या कादंबरीनंतर माझा एक चुलत भाऊ माझ्याशी चार वर्षं बोलला नाही. वाटणीचं भांडण मी लिहिलं होतं. नावं बदलली होती, गावाचं नाव नव्हतं, भावाच्या जागी मामा केला होता. तरी गावात दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. मला वाटत होतं की त्यानं बांध सरकवला ते लिहिलं म्हणून तो रागावलाय. मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं, की तू सरकवलास हे खरं आहे. चार वर्षांनी त्याच्या मुलीच्या लग्नात तो स्वतः जवळ आला आणि म्हणाला, "बांधाचं लिव्हलंस ते लिव्ह. समद्या गावाला ठाव हाय. माझ्या आईनं जोडवी गहाण टाकली ते कशापायी लिव्हलंस? ते तुला तिनं एकट्याला सांगितलं व्हतं."

ती जोडवी कादंबरीत एका ओळीत होती. मी ती विसरूनही गेलो होतो. त्या घराला जमिनीच्या भांडणाची लाज नव्हती, घरच्या बाईच्या पायातली चांदी सोनाराकडं गेली याची होती. घरातली लाज कुठं आहे हे आपल्याला बाहेरून कळत नाही, घरातलेच असूनही. काकू तोवर गेल्या होत्या, माफी कुणाची मागणार? पुढच्या आवृत्तीत ती ओळ काढली. कादंबरीचं काही बिघडलं नाही.

त्यामुळे आईशी भांडू नका आणि नुसतं ऐकून गप्पही बसू नका. तिच्याजवळ बसा आणि विचारा, नेमकं काय मांडू नको? ती एक-दोन गोष्टी सांगेल. त्या बहुधा तुम्ही ज्याला घाबरताय त्या नसतीलच. तिनं विश्वासानं तुम्हाला एकटीला सांगितलेलं जे असेल ते तिचं आहे, ते तिच्या हयातीत तिला विचारल्याशिवाय वापरू नका. बाकी जे सगळ्या गावानं बघितलंय, ते लिहायचा तुम्हाला इतरांइतकाच हक्क आहे. आणि पानं तिला वाचून दाखवा. मला खात्री आहे, पहिल्या दोन दिवसांत ती लाजेबद्दल बोलणं सोडून कापसाच्या चुका काढायला लागेल.

दुसरं काम लगेच करण्यासारखं आहे. त्यासाठी रजाही नको. तुमच्या तालुक्यातलं अद्रक तुर्भ्याच्या भाजीपाला बाजारात येतं. ऐरोलीहून जवळ आहे. एखाद्या रात्री, पहाटे तीन-चारच्या सुमाराला या, बरोबर कुणाला तरी घ्या, पायात चप्पल नको, बूट घाला, खाली सगळा चिखल आणि पाला असतो. गाड्या ओळीनं उभ्या असतात, माल उतरत असतो. लिहिण्याची वही बाहेर काढू नका. चहावाल्यापाशी उभ्या राहा आणि नंबरप्लेटी बघा. एमएच 20, म्हणजे तुमच्या जिल्ह्याची गाडी, दिसली की ड्रायव्हरला विचारा, यंदा बेणं काय भावानं घेतलं होतं, सड किती लागली. तो तुमच्या बोलण्यावरून ओळखेल आणि विचारेल, "कोणत्या गावच्या तुम्ही?"

त्यानंतर तो जे बोलेल, ते घरी जाऊन झोपायच्या आधी लिहून काढा. आणि ती पानं मला पाठवा.